रस्त्यावरचा काटा आणि चाकांवरचे घर

माझा एक भाचा अमेरिकेत असतो. मागे सुट्टीत त्याने एक ‘मोटरहोम’ भाड्याने घेतले आणि बायकामुलांसह तो राष्ट्रीय उद्याने पाहायला निघाला. मोटरहोम म्हणजे चाकांवरचे घर. पुढे ड्रायव्हरची जागा आणि मागे झोपायचे पलंग, गॅसची शेगडी, फ्रीज, न्हाणीघर, पाण्याच्या टाक्या. हे सारे एकाच सांगाड्यावर बसवलेले असते. वाटेत महामार्गाच्या कडेला त्याला एक पाटी दिसली, ‘वजन-केंद्र, पुढे एक मैल’. पाटीखालचा दिवा लागलेला होता, म्हणजे केंद्र चालू होते. समोरचे सगळे मालट्रक मुकाट्याने उजवीकडच्या फाट्यात शिरले. भाचा गोंधळला. आपली गाडी ट्रकएवढी अवजड, पण आपण काही माल वाहत नाही. आत वळावे की सरळ जावे? विचार करेपर्यंत फाटा मागे पडला. रात्री त्याचा फोन आला, “मामा, मी थांबायला हवं होतं का? तुम्ही शिकवता ना हे सगळं, सांगा बरं!”

मी शिकवतो पदार्थविज्ञान, अमेरिकेचे वाहतूक कायदे नव्हे. पण प्रश्न मोठा गमतीचा निघाला. त्याचे अर्धे उत्तर कायद्यात आहे आणि अर्धे तुमच्या नववी-दहावीच्या पुस्तकात. दुसऱ्या अर्ध्यापासून सुरुवात करू.

गाड्या तोलायच्याच कशाला? तुमच्यापैकी जे ऊसपट्ट्यात राहतात, त्यांनी साखर कारखान्याच्या फाटकाशी उसाच्या ट्रॅक्टरांची रांग पाहिली असेल. तिथे गाडी काट्यावर जाते ती मालाची किंमत ठरवण्यासाठी, आणि तो काटा खरा की खोटा यावरून होणारी भांडणेही तुम्ही ऐकली असतील. महामार्गावरच्या काट्याला मालाच्या किमतीशी कर्तव्य नसते. त्याला काळजी असते ती रस्त्याची आणि पुलांची.

रस्त्याला गाडीचे एकूण वजन जाणवत नाही. त्याला जाणवते ते एकेका आसावरचे वजन. आस म्हणजे ड्रायव्हर लोक ज्याला ॲक्सल म्हणतात तो, डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा. आसावरच्या वजनाने रस्त्याचे किती नुकसान होते हे शोधण्यासाठी अमेरिकेत एक प्रचंड प्रयोग झाला. इलिनॉय राज्यात ऑटवा गावाजवळ रस्त्याची सहा वेटोळी खास बांधली गेली. कुठे डांबर, कुठे काँक्रीट, कुठे थर जाड, कुठे पातळ. एक वेटोळे वाहतुकीविना ठेवले आणि उरलेल्या पाचांवर १९५८ ते १९६० अशी सुमारे दोन वर्षे ट्रक नुसते गोल गोल फिरवले. चालक होते लष्करातले जवान. एकेका मार्गिकेवर ठरावीक वजनाचेच आस जात राहिले, आणि शेवटी त्यांची संख्या अकरा लाखांवर गेली. कंटाळवाणे काम खरेच, पण त्यातून जे आकडे हाती आले त्यांच्या आधारावर जगभरचे रस्ते पुढे आखले गेले. आपल्याकडेही रस्त्याच्या आखणीत ८० किलोन्यूटनचा, म्हणजे सुमारे ८.२ टनांचा जो ‘प्रमाण आस’ धरतात, त्याचे मूळ याच प्रयोगातल्या १८,००० पौंडांच्या आसात आहे.

निष्कर्ष असा निघाला: आसावरचे वजन दुप्पट झाले तर नुकसान दुप्पट होत नाही. ते सुमारे सोळापट होते! वजन तिप्पट केले तर एक्क्याऐंशीपट. तुमच्या लक्षात आले असेलच, हा चौथा घात आहे. हा घातांक बरोबर चारच असतो असे मात्र समजू नका. रस्त्याच्या प्रकाराप्रमाणे आणि थराच्या जाडीप्रमाणे तो बदलतो. न्यूटनच्या नियमासारखा हा निसर्गाचा नियम नाही, अनुभवातून काढलेला अंदाज आहे. पण अंदाज चांगला आहे.

आता हिशेब करून पाहा. साध्या मोटारीच्या एका आसावर ८२० किलो भार आहे असे धरू. प्रमाण आसाचा भार ८,२०० किलो, म्हणजे दसपट. दहाचा चौथा घात दहा हजार. म्हणजे भरलेल्या ट्रकचा असा एक आस एकदा गेला की मोटारीचे दहा हजार आस गेल्याइतका रस्ता झिजतो. आणि त्याच ट्रकवर मालकाने आसावरचा भार वीस टक्क्यांनी वाढेल इतका जास्त माल चढवला तर? १.२ चा चौथा घात काढा. २.०७ येईल. भार वीस टक्के जास्त, रस्त्याची झीज दुप्पट. त्या झिजेचे पैसे ट्रकमालक देत नाही, रस्त्याने जाणारे सगळे मिळून देतात. काट्याची गरज इथे आहे.

अमेरिकेच्या आंतरराज्य महामार्गांवर सर्वसाधारण मर्यादा अशा आहेत. एकेरी आसावर २०,००० पौंड (सुमारे ९,०७० किलो), जवळजवळ असलेल्या आसांच्या जोडीवर ३४,००० पौंड (सुमारे १५,४२० किलो), आणि संपूर्ण गाडीचे ८०,००० पौंड (सुमारे ३६,२९० किलो). काही खास वाहनांना यात थोडी सवलत आहे, ती सोडून देऊ.

पण जोडीची मर्यादा दोन आसांच्या बेरजेपेक्षा, म्हणजे ४०,००० पौंडांपेक्षा कमी का? इथे पुलाचा प्रश्न येतो. एक फूटपट्टी घ्या आणि तिची दोन टोके दोन पुस्तकांवर टेकवा. नाण्यांच्या दोन सारख्या चळती करा. आधी दोन्ही चळती पट्टीच्या मधोमध शेजारी शेजारी ठेवा आणि पट्टी किती वाकते ते खुणेने टिपून ठेवा. मग एक चळत डाव्या टोकापासून पाव अंतरावर आणि दुसरी उजव्या टोकापासून पाव अंतरावर सरकवा. वजन तेवढेच, पण पट्टी कमी वाकेल. गणिताने पाहिले तर मधोमध दिलेल्या भाराने पट्टीला वाकवणारी जी परिबले निर्माण होतात, त्यांच्या अर्धीच या दुसऱ्या मांडणीत असतात. पुलाचेही तसेच. आखूड गाडीत कोंबलेले वजन लांब गाडीवर पसरलेल्या वजनापेक्षा पुलाला अधिक जड जाते.

यासाठी अमेरिकेने १९७५ पासून कायद्यातच एक सूत्र घातले आहे. पहिल्या आणि शेवटच्या आसांमधले अंतर ल फूट, आणि तेवढ्या भागात न इतके आस असतील तर त्यांच्यावरचे जास्तीत जास्त वजन व, पौंडांत:

व = ५०० × [ (ल × न) ÷ (न − १) + १२ × न + ३६ ]

तीन आसांचा, २० फूट अंतराचा ट्रक घेतला तर कंसात ३० अधिक ३६ अधिक ३६ असे १०२ येतात आणि वजन ५१,००० पौंड. पाच आसांचा, ५१ फूट अंतराचा ट्रक घेऊन उत्तर तुम्हीच काढा. ते हजाराच्या आकड्यापर्यंत आणले की ८०,००० येईल. कायद्याच्या पुस्तकात बीजगणित बसलेले फार वेळा पाहायला मिळत नाही, म्हणून मला हे सूत्र आवडते.

आता काटा. तराजूत एका पारड्यात ट्रक आणि दुसऱ्यात चाळीस टन वजने ठेवणे शक्य नाही. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात पथकराच्या रस्त्यांवर जड मालगाड्यांना जादा कर लागू झाला, तेव्हा तिथे गाडी साखळ्यांनी अक्षरशः उचलून तोलत. १७४० च्या दशकात बर्मिंगहॅमच्या जॉन वायटने तरफांवर बसवलेला सपाट फलाट काढला. गाडी नुसती त्यावर चालवायची. अमेरिकेत १८३१ मध्ये व्हर्मॉन्ट राज्यातल्या थॅडियस फेअरबँक्सने आपल्या फलाट-काट्याचे पेटंट घेतले, आणि पुढे त्याचे काटे दूरदूरच्या देशांत गेले.

या काट्यातली खुबी पाहा. तरफेचा नियम तुम्हाला माहीत आहे: भार गुणिले भारभुजा बरोबर बल गुणिले बलभुजा. मग फलाटावर गाडी थोडी पुढे किंवा मागे उभी राहिली तर भारभुजा बदलून वजन चुकायला नको का? चुकत नाही, कारण फलाट तरफेवर सरळ टेकलेला नसतो. त्याचे चारही कोपरे चार तरफांवर ठरलेल्या बिंदूंत टेकतात आणि चारही तरफांचे भुजांचे गुणोत्तर एकच असते. गाडी सरकली तर एका कोपऱ्यावरचा भार वाढतो, दुसऱ्यावरचा तेवढाच घटतो, आणि शेवटच्या दांडीपर्यंत पोचणारी बेरीज तीच राहते.

आजच्या भुईकाट्यात तरफा बहुधा नसतात. फलाटाखाली पोलादाचे जाड ठोकळे असतात, त्यांना ‘लोड सेल’ म्हणतात. भार आला की पोलाद किंचित दबते. किती? पूर्ण भाराला साधारण हजारात एक भाग. डोळ्यांना काहीच दिसत नाही. पण ठोकळ्यावर नागमोडी बारीक तारेची किंवा पत्र्याची पट्टी चिकटवलेली असते. ठोकळ्याबरोबर ती दबते किंवा ताणली जाते आणि तिचा विद्युतरोध बदलतो. ३५० ओहमच्या पट्टीत हा बदल फार तर ०.७ ओहम. एवढासा बदल मोजायचा कसा? अशा चार पट्ट्या जोडून व्हीटस्टनचा सेतू करतात, जो तुम्ही पुढे प्रयोगशाळेत मांडाल. परीक्षेपुरता वाटणारा हा सेतू अशा काट्यावर आलेल्या प्रत्येक ट्रकखाली काम करत असतो. अशी ताणमापक पट्टी १९३८ च्या सुमारास अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोघांनी एकमेकांना ठाऊक नसताना तयार केली.

हल्ली रस्त्यातच संवेदक पुरून धावत्या गाडीचेही वजन घेतात. पण धावती गाडी स्प्रिंगांवर वरखाली होत असते, त्यामुळे चाकाचा रस्त्यावरचा दाब क्षणोक्षणी बदलतो. म्हणून धावत्या वजनावरून फक्त संशयित गाड्या निवडतात आणि दंड करायचा तर बहुधा उभ्या गाडीचे वजन घेतात.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येऊ. अमेरिकेत वजन-केंद्रावर कोणी थांबायचे हे त्या त्या राज्याचा कायदा ठरवतो, आणि राज्ये पन्नास. केंद्र सरकारच्या नियमांत ‘व्यापारी वाहन’ अशी कल्पना आहे: १०,००१ पौंड (सुमारे ४,५४० किलो) किंवा अधिक क्षमतेचे आणि धंद्यासाठी राज्याराज्यांतून चालवले जाणारे. यातला ‘धंद्यासाठी’ हा शब्द महत्त्वाचा. वजन-केंद्रावर नुसते वजन होत नाही. ड्रायव्हर किती तास सलग चालवतो आहे याची नोंद, ब्रेक, कागदपत्रे हेही तिथे तपासतात. हौसेने हिंडणाऱ्या कुटुंबाला यातले बरेच काही लागू नसते. म्हणून बहुतेक राज्यांत खाजगी मोटरहोमला थांबावे लागत नाही. पण काही राज्यांच्या नियमात धंद्याचा उल्लेख नसून नुसता वजनाचा आकडा आहे, आणि सामान हलवायला भाड्याने घेतलेले ट्रकही काही ठिकाणी थांबवतात. म्हणून तिकडचे जाणते लोक सांगतात की ज्या राज्यातून जायचे त्याचा नियम आधी पाहावा, आणि आयत्या वेळी शंका आली तर आत वळावे. नको असेल तर तिथला माणूस हाताने ‘जा’ म्हणतो, एवढेच.

खरी पंचाईत मोठ्या खाजगी ट्रकवाल्यांची होते. समजा एकाकडे दणकट पिकअप ट्रक आहे आणि मागे घोड्यांचा ट्रेलर. दोन्ही मिळून क्षमता १०,००१ पौंडांच्या वर. स्वतःचा घोडा हौसेने शर्यतीला नेला तर तो खाजगी प्रवासी. तोच ट्रेलर जोडून शेजाऱ्याचा घोडा भाडे घेऊन परराज्यात पोचवला तर तो व्यापारी वाहतूकदार, आणि सगळे नियम लागू. ट्रक तोच, घोडेही तेवढ्याच वजनाचे! परवान्याचेही असेच आहे. २६,००१ पौंडांपासून पुढच्या वाहनाला धंद्यासाठी खास परवाना लागतो. खाजगी मोटरहोमला तो लागत नाही, पण टेक्साससारखी काही राज्ये तेवढ्या जड मोटरहोमसाठी वेगळा बिनव्यापारी परवाना मागतात. मला हे योग्य वाटते. गाडी थांबायला किती अंतर लागते ते चालवणाऱ्याच्या हेतूवर अवलंबून नसते.

मग खाजगी जड गाड्यांना दिलेली ही सूट अन्यायाची आहे का? वर्गात यावर वाद घालण्यासारखा आहे. मोठ्या मोटरहोमच्या मागच्या आसावर १७,००० पौंड असू शकतात. १७ भागिले १८, त्याचा चौथा घात: जवळजवळ ०.८. म्हणजे एका फेरीत ते प्रमाण आसाच्या ऐंशी टक्के झीज करते. डांबराला हेतू कळत नाही. पण मोटरहोम वर्षातले बरेच महिने अंगणात उभे असते आणि मालट्रक रोज धावतो. झिजेची बेरीज केली तर ट्रकांपुढे मोटरहोम नगण्य ठरतात. शिवाय एक गैरसमज काढून टाकला पाहिजे. थांबण्यातून सूट म्हणजे वजनाच्या मर्यादेतून सूट नव्हे. गाडी जास्त भरलेली दिसली तर पोलीस तिला काट्यावर नेऊ शकतात.

हे सगळे मी भाच्याला सांगितले आणि म्हणालो, “थांबण्याची सक्ती बहुधा नसेल. पण काट्यावर मात्र जाऊन ये, स्वतःसाठी.” तिकडे ट्रकवाल्यांच्या मोठ्या थांब्यांवर थोडे पैसे भरून वजन करून मिळते, आणि प्रत्येक आसाचे वेगळे. त्याच्या गाडीच्या दारावर कारखान्याने लावलेली पट्टी होती: एकूण मर्यादा १४,५०० पौंड, पुढचा आस ५,०००, मागचा ९,६००. दुसऱ्या दिवशी काट्याची चिठ्ठी त्याने पाठवली. एकूण १४,०८०. तो खूश होता. मी आसांचे आकडे पाहिले: पुढे ४,२४०, मागे ९,८४०. मागच्या आसावर २४० पौंड, म्हणजे सुमारे १०९ किलो जास्त!

एकूण वजन मर्यादेत आणि आस मर्यादेबाहेर, हे कसे? पुन्हा तरफ. समजा दोन आसांमध्ये ५ मीटर अंतर आहे आणि मागच्या आसाच्याही मागे २ मीटरवर, शेपटाकडे, ३०० किलो सामान ठेवले. मागचा आस हा टेकू झाला. सामान शेपूट खाली दाबते आणि नाक वर उचलते. पुढच्या आसावरचे ३०० × २ ÷ ५ म्हणजे १२० किलो कमी होतात आणि ते मागच्या आसावर येतात. ठेवले ३०० किलो, मागच्या आसावर वाढले ४२०. वर सुकाणूची चाके हलकी झाली, ते वेगळेच. मोटरहोममध्ये सायकली, पेट्या, पाण्याच्या टाक्या बहुधा मागेच असतात. जास्त भाराने टायर अधिक वाकतो, वाकण्याने तापतो, आणि उन्हाळ्यातल्या लांब रस्त्यावर तापलेला टायर फुटतो. आत मुले झोपलेली असतात.

त्याच मागच्या आसाने रस्त्याची झीज किती केली तेही पाहता येईल. मोटारीचा आस १,८०० पौंडांचा धरला तर ९,८४० म्हणजे साडेपाचपटीला थोडे कमी. चौथा घात जवळजवळ ९००.

आपल्याकडे २०१८ मध्ये चार टायरांच्या एकेरी आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन करण्यात आली. त्याने एका फेरीतली झीज किती पटींनी वाढते, हे गणित मी तुमच्यावर सोडतो. उत्तर दीडपटीपेक्षा जास्त यायला हवे.

भाच्याच्या पाण्याच्या टाकीची जागा मागच्या आसाच्या मागे एक मीटरवर होती, असे त्याने टेपने मोजून सांगितले. आसांमधले अंतर पाच मीटर. टाकी भरलेली, आणि पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो. मी त्याला विचारले, “किती लिटर सोडून देशील?” तो म्हणाला, “एकशे नऊ.” मी म्हटले, “शंभर पुरतील, बघ.” त्याने कागद घेतला. शंभर गुणिले सहा, भागिले पाच. एकशे वीस.

मुक्कामी गेल्यावर मुलांनी थांब्याच्या नळावरून बादलीने पाणी आणले.